पहिली गेम समीक्षा: निवडीपासून प्रकाशनापर्यंत

‘ग्राफिक्स भारी, स्टोरी ठीक, कंट्रोल स्मूथ, दहापैकी आठ.’ गेमवर मराठीत जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं या चार तुकड्यांत बसतं. यातला एकही तुकडा खोटा नसेल, पण वाचणाऱ्याला त्या गेमबद्दल काहीच कळत नाही, कारण तेच शब्द आणखी शंभर गेमना जसेच्या तसे लागू होतात. हौसेने समीक्षा लिहू पाहणाऱ्याने या सवयीतून आधी बाहेर पडायला हवं. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. पद्धतशीर पाहणं मात्र लागतं, आणि ते सरावाने जमतं.

मुळात गेममध्ये तीन गोष्टी एकातून एक निघतात. नियम असतात, त्या नियमांमुळे खेळणारा विशिष्ट प्रकारे वागतो, आणि त्या वागण्यातून त्याला काहीतरी वाटतं. रॉबिन हुनिके, मार्क लब्लांक आणि रॉबर्ट झुबेक यांनी २००४ साली हीच मांडणी केली, आणि गेम डिझाइनच्या अभ्यासात ती आजही वापरली जाते. गेम बनवणारा नियमांपासून सुरुवात करतो, तर खेळणाऱ्याच्या हाती आधी भावना लागते. समीक्षकाने त्या भावनेपासून उलटं चालत मागच्या नियमापर्यंत पोहोचायचं असतं. पुढची प्रत्येक पायरी या उलट्या प्रवासासाठीच आहे.

१. गेम निवडा: छोटा आणि पूर्ण झालेला

पहिल्या तीन समीक्षांसाठी दोन ते सहा तासांत संपणारे गेम घ्या. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ (२०१४) फोनवर दोनेक तासांत होतो, ‘लिंबो’ (२०१०) तीन-चार तासांत. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) एका शनिवार-रविवारी आरामात पूर्ण होतो. पहाडी चित्रशैली, राजस्थानी वास्तू आणि दुर्गा-विष्णूंच्या संवादातून उलगडणारी कथा असल्यामुळे त्याच्याबद्दल मराठी लेखकाला परदेशी समीक्षकापेक्षा जास्त खोलात जाऊन लिहिता येईल. शिवाय लढाई आणि कथा यांचा मेळ किती बसतो हा प्रश्न त्यात उघडपणे समोर येतो, म्हणून सरावासाठी तो फार चांगला.

ऐंशी तासांचा ओपन वर्ल्ड (मोकळ्या जगात हवं तिथे फिरता येणारा) गेम पहिल्यांदा घेतला की हमखास असं होतं: वीस तासांत लिहिण्याची घाई होते, उरलेला गेम अंदाजाने भरला जातो आणि ज्याने तो पूर्ण खेळलाय त्याला ते लगेच कळतं. बीजीएमआयसारखे (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) सतत बदलणारे ऑनलाइन गेमही सुरुवातीला नकोत. तिथे अनुभव नेटवर्क, समोरचे खेळाडू आणि चालू सीझन यांवर अवलंबून असतो, त्यामुळे गेमचा दोष कुठला आणि परिस्थितीचा कुठला हे नवख्याला वेगळं करता येत नाही. लहानपणीचा लाडका गेमही बाजूला ठेवा. त्यात तुम्ही आठवण तपासाल, गेम राहून जाईल.

पैशांचं म्हणाल तर इच.आयओ या साइटवर असंख्य छोटे गेम फुकट आहेत आणि एपिक स्टोअर नियमितपणे मोफत गेम देतं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो. क्रॅक केलेल्या कॉपीवर समीक्षा लिहू नका. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यात पॅच (नंतर आलेल्या दुरुस्त्या) कुठवरचे आहेत हे कळत नाही. तुम्ही नोंदवलेला बग मूळ गेममध्ये असेलच याची खात्री देता येत नाही.

गेम ठरला की त्यावरच्या इतर समीक्षा वाचणं थांबवा. स्वतःचा मसुदा पूर्ण झाल्यावर खुशाल वाचा.

२. सुरू करण्याआधी पाच ओळी लिहा

कोणत्या यंत्रावर खेळताय, गेमचा आवृत्ती क्रमांक (बहुधा मुख्य मेनूच्या कोपऱ्यात असतो), तारीख, कीबोर्ड की कंट्रोलर, आणि काठिण्य पातळी. हे रुक्ष वाटेल, पण याच्याशिवाय बाकी सगळं लटकतं. १० डिसेंबर २०२० ला ‘सायबरपंक २०७७’ आला तेव्हा त्याआधीच्या समीक्षा फक्त पीसी आवृत्तीवर बेतलेल्या होत्या. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर तो इतका खराब चालत होता की आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि पुढच्या जूनपर्यंत तो परत आला नाही. पीसीवर खेळून लिहिणारे खोटं बोलत नव्हते. पण कुठल्या यंत्रावर खेळलो हे ज्यांनी ठळकपणे सांगितलं नाही, त्यांच्या भरवशावर कन्सोलवाल्यांनी पैसे खर्च केले.

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ पुरतं आणि ते फुकट आहे. सुरुवातीला हे ठेवा:

- रिझोल्यूशन १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं), बिटरेट (दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती) ६००० केबीपीएस. तासाला साधारण २.७ जीबी जागा जाते, म्हणजे सहा तासांच्या गेमला सोळा-सतरा जीबी.
- फाइल प्रकार एमकेव्ही. मध्येच वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं. साध्या एमपी४ मध्ये पूर्ण फाइल निकामी होऊ शकते. नंतर ओबीएसमधूनच रीमक्स (फक्त फाइल प्रकार बदलणं) करून एमपी४ करता येते.
- एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) ग्राफिक्स कार्डाचा निवडा (एनव्हेंक किंवा क्विक सिंक). प्रोसेसरवर टाकला तर साध्या लॅपटॉपवर गेम अडखळतो.

शेवटच्या मुद्द्यात नवख्यांची नेहमी फसगत होते. रेकॉर्डिंगच्या ओझ्याने आलेले झटके गेमच्या माथी मारले जातात. म्हणून गेम अडखळतो असं लिहिण्याआधी तोच भाग रेकॉर्डिंग बंद करून पुन्हा खेळा. फोनवर हीच गोष्ट उष्णतेमुळे होते. फोन तापला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो, म्हणून चार्जर काढून आणि कव्हर उतरवून एकदा तपासा.

३. पहिली फेरी: आधी घटना, मग विशेषण

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात. ‘खेळून झाल्यावर आठवेल तसं लिहू’ म्हटलं की डोक्यात शेवटचा तास आणि दोन मोठे प्रसंग उरतात. मधले कंटाळवाणे किंवा सुंदर तपशील गळून जातात.

साधी वही घ्या आणि पानावर तीन रकाने पाडा: वेळ, मी काय केलं आणि काय झालं, काय वाटलं. दुसरा रकाना भरल्याशिवाय तिसरा भरायचा नाही. ‘भीती वाटली’ ही नोंद पुढे काहीच कामाची नाही. ‘४२ मि. – दिवा विझवून कपाटात लपलो, पावलांचा आवाज डावीकडून उजवीकडे गेला, नकाशा उघडता येईना – भीती’ या नोंदीतून अख्खा परिच्छेद निघतो. खेळताना मध्येच लिहायला थांबू नका. सेव्ह पॉइंट किंवा लोडिंग आलं की लिहा. तासाला आठ-दहा नोंदी पुरे. त्याहून जास्त होत असतील तर तुम्ही खेळत नाही, नुसती टिपणं काढताय.

या गोष्टी चुकवू नका:

पहिल्या दहा मिनिटांत गेमने काय शिकवलं आणि कसं: पाटी दाखवून, की अशी जागा देऊन की तुम्हीच शोधून काढलं? हात आपोआप मोबाइलकडे कधी गेला? तिथे नक्की काय चालू होतं? कोणती एकच युक्ती तुम्ही पुन्हा पुन्हा वापरली, आणि गेमने ती मोडून काढायचा प्रयत्न केला का? आवाज बंद करून खेळल्यावर काही अडलं का?

सोबत मृत्यूंची नोंदही ठेवा. प्रत्येक वेळी मेल्यावर कारणाचं एक अक्षर: ‘चू’ म्हणजे माझी चूक, ‘दि’ म्हणजे धोका दिसलाच नाही, ‘मा’ म्हणजे नियम माहीतच नव्हता, ‘कं’ म्हणजे बटण दाबलं पण हवं ते झालं नाही. वीस मृत्यूंनंतर मोजा. बहुतेक ‘चू’ असतील तर गेम कठीण पण प्रामाणिक आहे. ‘दि’ जास्त असतील तर कॅमेरा किंवा रंगसंगतीत दोष आहे, ‘मा’ जास्त असतील तर शिकवण्यात. ‘अवघड आहे’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ही विभागणी वाचकाच्या कितीतरी जास्त उपयोगी पडते.

४. दुसरी फेरी: मुद्दाम तपासणी

संपूर्ण गेम दुसऱ्यांदा खेळायची गरज नाही. तीन तुकडे निवडा – सुरुवातीचा, मधला आणि सगळ्यात गर्दीचा – आणि त्यांत उलटसुलट करून बघा. आवडतं हत्यार वापरू नका. मुद्दाम हरा. संवाद न वाचता पुढे जा. काठिण्य पातळी बदलून फक्त शत्रूंचा जीव वाढतो, की त्यांचं वागणंही बदलतं, हे पाहा.

फ्रेम रेट तपासायचा तर स्टीमचाच फ्रेम काउंटर सुरू करा. ६० फ्रेमला प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, ३० ला ३३.३. आकड्यापेक्षा तो आकडा स्थिर आहे का हे बघा. ३५ ते ६० मध्ये हिंदकळणाऱ्या गेमपेक्षा ३० ला ठाम राहणारा गेम हाताला जास्त बरा लागतो, कारण पुढचं चित्र कधी येणार याची सवय होते.

मग सेटिंग्जचा मेनू पूर्ण वाचा. बटणं बदलता येतात का, सबटायटलचा आकार वाढतो का, रंगांधळेपणासाठी सोय आहे का, पडदा थरथरणं बंद होतं का. ‘सेलेस्ट’मध्ये (२०१८) असिस्ट मोड आहे. त्यात गेमचा वेग ५० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो किंवा न थकता भिंतीला धरून राहता येतं. ज्याची बोटं हळू चालतात त्याच्यासाठी गेम घ्यायचा की नाही हे याच माहितीवर ठरतं, आणि मराठीत ही माहिती जवळजवळ कोणीच देत नाही.

५. भावनेपासून नियमापर्यंत

आता वही समोर ठेवून एक वाक्य लिहायचं: या गेमबद्दल मला नक्की काय म्हणायचंय? मग गेमचं नाव बदलून पाहा. दुसऱ्या गेमचं नाव टाकल्यावरही ते खरं वाटत असेल तर ते वाक्य अजून तयार नाही.

‘सेलेस्टचे कंट्रोल छान आहेत’ हे वाक्य घ्या. छान म्हणजे काय? नोंदी चाळल्या तर दिसेल की कड्यावरून पाय सुटल्यावरही उडी लागत होती. ते खरंच तसं आहे: कडा सोडल्यानंतर सुमारे दशांश सेकंद गेम उडी मान्य करतो. डोकं छताच्या कोपऱ्याला किंचित घासलं तर तो पात्राला हळूच बाजूला सरकवतो. जमिनीला पाय टेकण्याच्या क्षणभर आधी दाबलेलं बटणही तो लक्षात ठेवतो. मेल्यावर तुम्ही क्षणार्धात त्याच पडद्याच्या सुरुवातीला उभे असता. आता वाक्य असं होईल: ‘सेलेस्ट शेकडो वेळा मारतो, पण खेळणाऱ्याचा हेतू ओळखून बारीक चुका पोटात घालतो, म्हणून राग गेमवर न निघता पुढच्या प्रयत्नात जातो.’ दुसऱ्या कोणत्याही गेमचं नाव इथे सहजासहजी बसणार नाही.

अर्थाच्या बाबतीतही हेच चालतं. लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये (२०१३) तुम्ही सीमेवर कागदपत्रं तपासता. टेबल मुद्दाम अपुरं ठेवलंय, कागद एकमेकांवर चढतात. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पैसे मिळतात, दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना ताकीद मिळते आणि तिसरीपासून दंड बसतो. संध्याकाळी त्याच पैशांतून भाडं, अन्न आणि शेकोटी. ‘हा गेम हुकूमशाहीवर भाष्य करतो’ असं म्हणणं सोपं आहे. समीक्षकाने पुढे जाऊन सांगायला हवं की दया दाखवायला गेममध्ये कुठेच मनाई नाही, फक्त प्रत्येक दयेची किंमत घरच्या ताटातून वसूल होते. हे कुठल्याही संवादात सांगितलेलं नाही. पगार आणि दंडाच्या नियमात आहे.

६. लिखाण

पहिला लेख ८०० ते १००० शब्दांचा ठेवा. ग्राफिक्स, आवाज, कथा, गेमप्ले असे कप्पे पाडू नका. अशी विभागणी केली की लेखक प्रत्येक कप्प्यात काहीतरी भरत बसतो आणि मुख्य मुद्दा विखुरतो. मुद्द्याला आधार देणारे तीन प्रसंग वहीतून उचला आणि त्यांच्याभोवती लिहा. संगीताबद्दल सांगण्यासारखं नसेल तर संगीताचा उल्लेखच नको. एक मोठी तक्रार आणि एक मोठी दाद यांना पुरेशी जागा द्या, किरकोळ बग दोन ओळींत उरका.

कथेचा सारांश शंभर-सव्वाशे शब्दांत थांबवा. रहस्यभंगाच्या बाबतीत एक साधी मर्यादा पाळा: ट्रेलरमध्ये आलेलं आणि गेमच्या पहिल्या चतुर्थांशातलं सांगायला हरकत नाही, त्यापुढचं सांगणं अटळ असेल तर आधी स्पष्ट इशारा द्या.

भाषेबद्दल इतकंच की चेकपॉइंट, बॉस, लोडिंग हे शब्द तसेच ठेवा, सगळ्यांना कळतात. पण क्रियापदांत आळस नको. ‘मूव्हमेंट फ्लुइड आहे’ लिहिण्यापेक्षा पात्र कसं घसरतं, लोंबकळतं, हुलकावणी देतं, दम खातं ते लिहा.

मसुदा झाला की एक रात्र जाऊ द्या. सकाळी ‘भारी’, ‘जबरदस्त’, ‘अप्रतिम’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकाजागी वहीतली घटना टाका. जिथे घटना सापडत नाही ते वाक्य काढून टाका.

७. गुण द्यावेत का?

पहिल्या दहा समीक्षांत तरी देऊ नका. गुणांचा अर्थ तुलनेतून येतो आणि तुलनेसाठी तुमच्याच जुन्या समीक्षा हव्यात. शिवाय आकडा आला की चर्चा त्याच्याभोवतीच फिरते. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओचा बोनस मेटाक्रिटिक (समीक्षांच्या गुणांची सरासरी काढणारी साइट) वरच्या ८५ गुणांशी बांधलेला होता आणि गेमला ८४ मिळाले, हे स्टुडिओच्या ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ साली जाहीरपणे सांगितलं होतं. आकड्याऐवजी शेवटी दोन ओळी लिहा: हा गेम कोणाला आवडेल, आणि कोणी घेऊ नये. दुसरी ओळ टाळू नका.

८. मोबाइलचे फुकट गेम

यांची तपासणी वेगळी. आठवडाभर एक रुपयाही न घालता खेळा आणि पहिल्या, तिसऱ्या व सातव्या दिवशी गेम काय मागतो ते लिहा: जाहिरात किती वेळाने येते, कुठे वाट बघायला लावतो, कुठे पैसे भरून वाट टाळता येते. हिरे, नाणी, तिकिटं अशा एकावर एक चलनांच्या मागे किंमत लपवलेली असते. ती उलट हिशेब करून रुपयांत मांडा. पैसे भरून पाहायचेच असतील तर रक्कम आधी ठरवा आणि लेखात सांगा.

९. मोफत की, पैसे आणि खुलासा

पाच-सहा समीक्षा हाताशी आल्यावर छोट्या डेव्हलपरना ईमेल करून मोफत की (गेम सुरू करायचा कोड) मागायला हरकत नाही. मोठ्या कंपन्यांच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका. ईमेल सहा-सात ओळींचं असावं: तुम्ही कोण, कोणत्या भाषेत आणि कोणासाठी लिहिता, दोन चांगल्या समीक्षांचे दुवे, कोणत्या प्लॅटफॉर्मची की हवी, आणि लेख अंदाजे कधी येईल. वाचकसंख्या फुगवून सांगू नका. मोफत की मागून विकणारे भामटे डेव्हलपरना रोज भेटतात, त्यामुळे ते तपासतातच. म्हणूनच लेखांसोबत जो ईमेल पत्ता जाहीर असतो, त्याच पत्त्यावरून लिहा.

की देताना एम्बार्गोची तारीख दिली जाते, म्हणजे त्याआधी लेख प्रसिद्ध करायचा नाही. ती मान्य केली तर मिनिटापर्यंत पाळा. मात्र ‘लेख आधी आम्हाला दाखवा’ किंवा ‘नकारात्मक लिहू नका’ अशी अट असेल तर की नाकारा.

की फुकट मिळाली असेल तर ते लेखाच्या सुरुवातीलाच सांगा, तळाशी बारीक अक्षरांत नको. स्टीमवर समीक्षा टाकताना त्यासाठी वेगळी चौकट आहे, तिच्यावर खूण करा. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेला मजकूर जाहिरात म्हणून दाखवावा, अशी भारतीय जाहिरात मानक परिषदेची २०२१ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपकडून आलेला प्रस्ताव सरळ नाकारा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशा खेळांच्या जाहिरातीवरही बंदी आहे.

१०. प्रकाशन आणि त्यानंतर

समीक्षेसाठी वाजवी प्रमाणात चित्रं आणि दृश्यं वापरायला कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये जागा आहे. पण व्हिडिओ साइटवरची स्वयंचलित तपासणी हे कलम बघत नाही, आणि सगळ्यात जास्त दावे गेममधल्या परवाना घेतलेल्या गाण्यांवर येतात. सेटिंग्जमध्ये स्ट्रीमर मोड (अशी गाणी बंद करणारी सोय) असेल तर रेकॉर्डिंगआधीच सुरू करा. नंतर आवाज कापत बसणं फार कटकटीचं काम आहे. चित्रं स्वतः काढलेलीच वापरा. कंपनीने दिलेली चित्रं सजवलेली असतात आणि वाचकाला त्या दर्जाचा गेम मिळेलच असं नाही.

लेखाच्या वर एक चौकट द्या: प्लॅटफॉर्म, आवृत्ती, किती तास खेळला, पूर्ण केला की नाही, विकत घेतला की फुकट मिळाला. गेम अर्धवट सोडला असेल तर तेही लिहा आणि का सोडला ते सांगा. ती माहितीही वाचकाच्या कामाचीच असते.

गेम पुढे बदलतात. ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा त्यावर झालेली टीका रास्त होती, पण नंतरच्या वर्षांतल्या मोफत अपडेटनी तो इतका पालटला की ती टीका आजच्या खरेदीदाराला लागू पडत नाही. मोठा पॅच आला की तुमच्या मुख्य तक्रारीचा भाग तासभर पुन्हा खेळा आणि लेखाच्या वरच्या बाजूला तारीख व नवा आवृत्ती क्रमांक देऊन तीन-चार ओळींची भर घाला. तथ्याची चूक कोणी दाखवून दिली तर रेकॉर्डिंग उघडून पडताळा. चूक खरी असेल तर ती दुरुस्त करून काय बदललं ते नोंदवा, जुना मजकूर गुपचूप पुसू नका. मताबद्दल वाद झाला तर मात्र वहीतला प्रसंग पुढे ठेवा आणि मत तसंच राहू द्या. रेकॉर्डिंग निदान सहा महिने जपून ठेवा, जागा कमी असेल तर निवडलेल्या तीन तुकड्यांचं तरी.